गुप्तेबाईंचे माप

नलिनी गुप्ते ह्या आमच्या महाविद्यालयात गणित शिकवीत. त्या चांगले शिकवीत असत. परंतु पनवेलमध्ये त्यांचे नाव झाले ते गणितामुळे नव्हे. संगणकावर कोणती प्रणाली बसवायला सोपी आणि कोणती अवघड, ह्या एकाच प्रश्नाने त्यांना नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात पछाडले होते. आणि त्यांना पछाडले की आजूबाजूच्या कोणालाही स्वस्थ बसणे अशक्य होई. मी तेव्हा उपप्राचार्य होतो. स्वस्थ बसणे मला आवडे.

त्या चालत नसत, निघत असत. सुती साडी, पदर खोचलेला, एका हातात पोळ्यांचा स्टीलचा डबा. डब्यात पोळ्या नसत, फ्लॉप्या असत. आमच्या खाडीकाठच्या दमट हवेत फ्लॉपीला बुरशी धरते, म्हणून त्यांनी रसायनशाळेतून ओल शोषून घेणारे निळे खडे मागून आणले होते आणि डब्याच्या तळाशी पुरचुंडी बांधून ठेवले होते. शिक्षकांच्या खोलीत डबा उघडला की नवीन आलेला एखादा प्राध्यापक आशेने पाही.

प्रणालींबद्दल त्या घरी येणाऱ्या पाहुण्यांसारखे बोलत. "डॉस हा एका पिशवीनिशी येणारा पाहुणा. ओटीवरसुद्धा झोपेल. विंडोज पंचाण्णव म्हणजे जावई. हसतमुख, सगळ्यांशी गोड. पण आधीच्या पाहुण्याचं अंथरूण गुंडाळून कुठं ठेवील, पत्ता लागायचा नाही. आणि लिनक्स, सर, लिनक्स दारातच उभा राहून घराचा नकाशा मागतो. खोल्या किती, मोरी कुठं, माळा आहे का. सगळं सांगितल्याशिवाय चप्पल काढत नाही." हे त्या जिन्यात, मला अडवून सांगत. तासाची घंटा झालेली असे.

प्रणाली किती सोपी आहे हे मोजण्याची त्यांची स्वतःची रीत होती. ज्याने पूर्वी कधी हे काम केलेले नाही, अशा माणसाला त्या यंत्रासमोर बसवीत. स्वतः मागे भिंतीशी, हात पाठीमागे बांधून उभ्या राहत. त्या माणसाने मदतीच्या आशेने मान वळवली की फळ्यावर त्याच्या नावापुढे खडूची एक रेघ पडे. रेघा जितक्या कमी तितकी प्रणाली सोपी. मदत मात्र मिळत नसे. "पडद्यावर काय लिहिलंय ते मोठ्यानं वाचा," एवढेच उत्तर. इंग्रजी समजले नाही तर त्या अर्थ सांगत. "भाषांतर करीन. उत्तर देणार नाही."

ही रीत त्यांना सुचली ती आमच्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांमुळे. त्यांनी डॉसवर विंडोजची जुनी आवृत्ती बसवली होती आणि बाहेर येऊन "अगदीच सोपं हो, त्यात काय आहे," असे सर्वांना ऐकवले होते. बाईंनी त्यांना मागून पाहिले होते. घामाने सदरा पाठीला चिकटला होता आणि मान पंख्यासारखी फिरत होती. बाई मला म्हणाल्या, "सर, तोंड लाजेनं खोटं बोलतं. मान बोलत नाही."

त्यांची दुसरी एक सवय मला अजिबात मान्य नव्हती. एखादी प्रणाली अर्धी बसली की त्या जाऊन मेन स्विच बंद करीत. पहिल्यांदा हे घडले तेव्हा मी व्हरांड्यात होतो. आत अंधार झाला, आणि टाळ्यांचा आवाज आला.

"गुप्तेबाई, हे काय चालले आहे?"

"सर, या, या! वेळेवर आलात. आता कळेल कोण सावरतो ते!"

"यंत्रे महाविद्यालयाची आहेत."

"आणि वीज पनवेलची आहे. ती जाणारच. अर्ध्यावर तुटलं तर धागा परत कुठून धरायचा, हे ज्याला कळतं तोच आपल्या गावात राहण्याच्या लायकीचा."

त्यांनी स्विच चालू केला. विंडोज पंचाण्णव उठली, मागच्या खेपेस आपण कुठे पडलो हे तिने ओळखले आणि पुढे चालू लागली. बाईंचा चेहरा असा फुलला की जणू त्यांचीच मुलगी पडून उठली होती. शेजारच्या यंत्रावर लिनक्स होती. ती पहिल्यापासून सुरू करावी लागली. "जावई पास," बाई म्हणाल्या, "नकाशावाला नापास. पण लेखी परीक्षा अजून व्हायची आहे." मी मेन स्विचच्या पेटीला कुलूप लावण्याचा आदेश दिला. त्यांनी तो हसत स्वीकारला आणि यंत्राची वायर भिंतीतून उपटायला सुरुवात केली.

अशा बाईंच्या हातून संगणकाची खोली जाण्याची वेळ आली.

आमच्या शिक्षण मंडळाचे अध्यक्ष हिराशेठ. आगरी शेतकऱ्याचे घर. नव्या शहरासाठी जमीन गेली, बदल्यात मिळालेल्या प्लॉटांवर त्यांनी इमारती बांधल्या आणि मोठे झाले. शिक्षण सातवीपर्यंत. पण महाविद्यालयावर जीव. त्यांच्याकडे एका खाजगी संगणक क्लासचे व्यवस्थापक सरदेशमुख आले. टाय लावलेले, बोलण्यात तरबेज. त्यांचा प्रस्ताव असा की दिवाळीनंतर खोली क्लासच्या ताब्यात द्यावी. यंत्रे, प्रणाली, शिकवणे सर्व ते पाहतील. विद्यार्थ्यांनी वेगळी फी भरावी. कारण, प्रणाली बसवणे आणि सांभाळणे हे शिक्षकांचे काम नव्हे. त्याला इंजिनिअर लागतो.

मंडळ जवळजवळ राजी झाले होते. बाई माझ्या खोलीत आल्या. त्या दिवशी बसल्या. एरवी बसत नसत.

"सर, खोली गेली तर पोरं बघे होतील. दुसरा कोणी तरी बसवणार, ही काचेतून बघणार."

"तुमचे म्हणणे काय?"

"एक संधी. कॉलेजातल्याच माणसांनी, माझ्या मदतीशिवाय, तीन प्रणाली बसवायच्या. सगळ्यांसमोर. जमलं तर खोली आपली. नाही जमलं तर मी स्वतः सरदेशमुखांना आत नेऊन सोडते."

मी अध्यक्षांना तसे कळवले. हिराशेठना शर्यत आवडे. त्यांनी दसऱ्याचा मुहूर्त दिला.

दसऱ्याला सकाळी खोली भरली. चपला बाहेर, पायमोजे आत. यंत्रांना हार, हळदकुंकू. हिराशेठनी स्वतः पूजा केली आणि मोठ्या मनाने अक्षता उधळल्या. मेन स्विचशी मी शिपायाला उभे केले होते. बाईंनी त्याच्याकडे पाहून मला नमस्कार केला.

तीन जागा होत्या. डॉस आणि विंडोजची जुनी आवृत्ती फ्लॉप्यांवरून बसवायला आमचे ग्रंथपाल नाखवा. विंडोज पंचाण्णववर मी. बाईंना कधीही यंत्राला हात न लावलेला माणूस हवा होता आणि माझ्याबद्दल कोणालाच शंका नव्हती. लिनक्ससाठी टंकलेखनाचे शिक्षक ठरले होते. ते सणासाठी चिरनेरला गेले ते आलेच नाहीत.

"एक गडी कमी," सरदेशमुख म्हणाले. "राहू द्या बाई, दोनच पुरे."

"नाय," हिराशेठ म्हणाले. "शर्यत तिघांची ठरली हाय. मी बसतंय."

"शेठ, तुम्ही कशाला..." सरदेशमुख पुढे झाले.

"का? मी कॉलेजचा मानूस नाय?" आणि ते लिनक्ससमोर बसले. संगणकाच्या मासिकाबरोबर आलेली लिनक्सची सीडी बाईंनी त्यांच्या हाती दिली. खुर्ची करकरली. बाईंनी फळ्यावर तीन नावे लिहिली.

सुरुवातीलाच नाखवा अडले. फ्लॉपी आत जाई, यंत्र घरघरे आणि वाचता येत नाही असे सांगे.

"मॅडम, खुदा कसम, मी काही केलं नाही. ही घासच घेत नाही!"

"यासाठीच इंजिनिअर लागतो," सरदेशमुख हलक्या आवाजात म्हणाले. सर्वांना ऐकू गेले.

बाई जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेतून चिमटा घेऊन धावत आल्या. फ्लॉपीच्या फटीत वाकून पाहिले, चिमटा आत घातला आणि काहीतरी ओढून उजेडात धरले. कुंकवाने लाल झालेला तांदळाचा दाणा.

"शेठ, ही तुमचीच अक्षता."

हिराशेठच आधी हसले. "आशीर्वाद आतपरेंत पोचलाय म्हना की!" खोली हसली. सरदेशमुखही हसले, जरा उशिरा. त्यानंतर नाखवांचे यंत्र सुरळीत चालले. ते प्रत्येक फ्लॉपीवरचे नाव पुस्तकाच्या पाठीवरचे वाचावे तसे मोठ्याने वाचत, आत घालत, बाहेर काढून ओळीने मांडून ठेवीत. त्यांच्या नावापुढे थोड्या रेघा पडल्या. काम पुरे झाले तेव्हा त्यांनी उठून दोन्ही हात वर केले. टाळ्या झाल्या.

सर्वांचे लक्ष मात्र हिराशेठकडे होते. त्यांच्या नावापुढे फळ्यावर जागा उरत नव्हती.

"बाई, हे काय इचारतंय?"

"मोठ्यानं वाचा."

"वाचतंय, पन हे विंग्रजी..."

"ते म्हणतंय, डिस्कचे भाग किती पाडायचे, आणि कोणता किती मोठा."

हिराशेठ खुर्चीत ताठ झाले. "प्लॉट पाडायचं काय? मंग तसं सांगा ना! शाळंत पोरं नसतील इतकं प्लॉट मी पाडलंन." त्यांनी मिशीवर हात फिरवला. "ह्यो मोठा, ऱ्हायला. ह्यो बारका कशाला मागतंय?"

"येण्याजाण्यासाठी. चालू काम तात्पुरतं ठेवायला. त्यात कायमचं काही राहत नाही."

"रस्ता! रस्त्याला जागा सोडली नाय त प्लॉट पाडून उपेग काय?" आणि त्यांनी ती सोडली. बाई भिंतीला पाठ लावून उभ्या होत्या. हात मागे बांधलेले, पण पायाची बोटे पायमोज्यात नाचत होती. मी ते डोळ्याच्या कडेने पाहिले. मान वळवली नाही.

पुढे प्रश्नांचा पाऊसच पडला. माऊस कोणता, पडदा कोणता, वेळ कुठल्या गावाची. शेठ प्रत्येक वेळी वळत, ओरडत, भाषांतर घेत, आणि शेवटी उत्तर स्वतः देत. एकदा चुकले, मागे गेले, पुन्हा आले. शेवटी काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे धावली आणि एका ओळीशी थांबली.

"संपलं?"

"संपलं. नाव लिहा."

"आनि चित्रं? सरांच्या पडद्यावं हायत."

"चित्रं नंतर. आधी नाव."

त्यांनी एका बोटाने, अक्षर शोधीत, आपले नाव लिहिले. यंत्राने ते स्वीकारले. हिराशेठ नुसते आपल्या नावाकडे पाहत राहिले. मंडळाचे सभासद खुर्च्या सोडून त्यांच्याभोवती गोळा झाले होते आणि नाखवा कोणाच्या तरी पाठीवर थापा मारत होते.

तेव्हा सरदेशमुख फळ्याजवळ गेले. "बाईंचंच माप आहे," ते म्हणाले. "शेठच्या नावापुढे जागा नाही. नाखवासाहेबांच्या थोड्या रेघा. आणि उपप्राचार्यांच्या नावापुढे एकही नाही. म्हणजे विंडोज पंचाण्णव सर्वांत सोपी. आम्ही तीच देतो. अभिनंदन सर."

बाईंनी आता फक्त मान डोलवायची होती. विंडोज कॉलेजच्या माणसाने बसवली, एकही रेघ न पडता. त्यांची शर्यत त्या जिंकल्या होत्या. त्या माझ्या पडद्याजवळ आल्या.

पडद्यावर बराच वेळ एकच मजकूर होता. कोरी फ्लॉपी घाला, असे यंत्र सांगत होते. फ्लॉप्या बाईंच्या डब्यात, दुसऱ्या टेबलावर होत्या.

"सर, हे असं केव्हापासून आहे?"

"बराच वेळ."

"मग मागितली का नाही?"

"मान वळवायची नव्हती."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. एक फ्लॉपी गुपचूप माझ्या हाती ठेवणे त्यांना सहज शक्य होते. सर्व जण शेठभोवती होते, आणि सरदेशमुखांनी तर निकाल वाचूनही टाकला होता. त्या वळल्या, डस्टर घेतले आणि फळा पुसू लागल्या.

"हे काय?" सरदेशमुख म्हणाले.

"हे माप चुकलं." त्यांचा आवाज चढला होता, एखादे गणित सुटल्यावर चढे तसा. "सरांची प्रणाली बसलेलीच नाही. ती अडून राहिली आहे आणि सर ताठ बसलेत. मला वाटायचं मान खोटं बोलत नाही. बोलते! मी इतके दिवस प्रणाली मोजतच नव्हते. कोणाला विचारायची किती लाज वाटते ते मोजत होते."

बाईंना शोध लागल्याचा आनंद आवरत नव्हता. आपण काय घालवले हे त्यांच्या ध्यानात आले नसावे. किंवा आले असावे.

सरदेशमुखांच्या ध्यानात आले. "म्हणजे तिघांपैकी एक अपुरा, आणि माप बाईंच्याच तोंडून रद्द. शेठ, अट स्पष्ट होती. खोलीचा प्रश्न मिटला, असं मी समजतो."

"थांबा वो," हिराशेठ म्हणाले. ते अजून खुर्चीतून उठले नव्हते. "सर, ती फ्लापी घाला."

मी बाईंच्या डब्यातून एक फ्लॉपी घेऊन घातली. यंत्र घरघरले आणि पुढे गेले.

"झालं तिसरं. आता माजं ऐका. मी पन्नास येला मागं बगितलं असंल. हिनं एकाबी प्रश्नाचं उत्तर दिलं नाय. मना राग आला, खोटं कशाला सांगू? पन ह्ये," त्यांनी पडद्यावरच्या आपल्या नावावर बोट ठेवले, "ह्ये मी बसवलं. सरदेशमुख, तुमी माज्या हापिसात येऊन काय बोल्लंव? 'शेठ, तुम्ही हात लावू नका, आम्ही करतो.' बोल्लंव का नाय?"

"तुमच्या सोयीसाठी..."

"आमच्या जमिनी गेल्या तवा सरकारी सायेब बी असंच बोललं व्हतं. हात लावू नका, आमी करतंव." ते हसत नव्हते. "खोली बाईंकडं ऱ्हाईल. तुमी चा घेऊन जा."

टाळ्यांचा आवाज मी त्या खोलीत पुष्कळदा ऐकला होता. तो असा नव्हता. बाहेर मुले खिडक्यांना लोंबकळत होती. त्यांनी आरोळ्या ठोकल्या. आपट्याची पाने वाटली गेली. सरदेशमुखांनाही बाईंनी पान दिले आणि विचारले, "तुम्ही स्वतः कधी लिनक्स बसवली आहे का? नाही? मग सोमवारी या ना!" ती थट्टा नव्हती. ते आले नाहीत.

सोमवारी बाईंनी तिन्ही यंत्रे पुसून कोरी केली.

हे मला कळले ते हिराशेठच्या गर्जनेने. ते पत्नीला आपले नाव दाखवायला घेऊन आले होते. "बाई! माजं पुसलंव?"

"हो शेठ. खोली शिकायची आहे. बसवलेलं तसंच ठेवलं तर मुलांना बसवायला काय राहील?"

"निदान माजं तरी ठेवायचं!"

"तुमचं कुठं गेलंय? तुम्हांला येतं ना आता? बसा."

शेठ बसले. पत्नी पदर सावरून मागे उभी राहिली. थोड्या वेळाने तिचा आवाज आला, "अवो, रस्ता सोडा ना आधी! विसरलाव का?" बाईंनी खडूला हात लावला नाही. फळा त्यांनी कोराच ठेवला होता. कोणती सोपी, असे कोणी विचारले तर त्या म्हणत, "कोणासाठी ते आधी सांगा. मग दिवसभर बोलू." आणि दिवसभर बोलत.

पुढे काही वर्षे खोली तशीच गजबजलेली राहिली. मग वृद्ध आईसाठी बाईंनी मुदतीपूर्वी निवृत्ती घेतली आणि त्या दापोलीकडच्या आपल्या गावी जायला निघाल्या. निरोपसमारंभ त्यांनी करू दिला नाही. मी पनवेलच्या एसटी स्टँडवर गेलो, ते सामान पोचवायला माणूस मिळाला का हे पाहण्यासाठी. माणूस नव्हता. सामानही फारसे नव्हते. महाविद्यालयाने मोडीत काढलेल्या यंत्रांपैकी एकाची पेटी त्यांनी विकत घेतली होती आणि ती मांडीवर घेऊन त्या खिडकीशी बसल्या होत्या.

"ह्यो टीव्ही हाय का?" कंडक्टरने विचारले. "टपावर टाकायला लागंल."

"टपावर नाही. मांडीवर. गावच्या शाळेत एकही यंत्र नाही हो."

"मग ह्ये बसवनार कोन तिकडं?"

"शाळेतल्या बाई. त्यांना अजून माहीत नाही."

कंडक्टर हसला आणि त्याने पेटी तिथेच राहू दिली. बाईंनी मला पाहिले, पण हात हलवता आला नाही; दोन्ही हात पेटीला धरलेले होते. त्यांनी नुसते मोठ्याने सांगितले, "सर, लिनक्सची नवी आवृत्ती आली आहे! माऊस विचारतच नाही, आपणच ओळखते!" गाडी सुरू झाली. शेजारी बसलेली एक कोळीण पाटी पायाशी सरकवून पेटीची एक कड धरीत होती आणि बाई तिच्याकडे वळून काहीतरी सांगू लागल्या होत्या. कोळणीचा चेहरा गंभीर होता. गाडी पेणच्या रस्त्याला लागेपर्यंत ती ऐकत होती.

मला अकरा वाजता सभा होती. मी थोडा उशिरा पोहोचलो.